रिकामी कबर
(ट्रस्टच्या महोत्सवी सभेत दिलेले भाषण)



ईस्टरविषयी चार शब्द बोलावेत अशी आपण आज्ञा केली, याबद्दल आम्ही आभारी आहोत. हा विषय नंदगडकरांस अगदीच परका वाटू नये. समाधीचे मोल काय, हे या गावाला चांगले ठाऊक आहे. इ. स. १८३१ मध्ये संगोळ्ळी रायण्णा या वीराला इंग्रजांनी येथेच फासावर चढविले. त्याच्या समाधीवरील वडाखाली आजही दूरदूरची माणसे हात जोडून उभी राहतात.

समाधीपाशी आपण काय करतो? गेलेल्याचे गुण आठवतो, दोन फुले वाहतो आणि घरी परततो. येशूच्या कबरेकडे निघालेल्या स्त्रियाही एवढ्याचसाठी निघाल्या होत्या. रविवारची पहाट होती, हातांत सुगंधी द्रव्ये होती, आणि दारावरची धोंड कोण लोटील ही विवंचना होती. जाऊन पाहतात तो धोंड बाजूला सरलेली आणि आत देह नाही! स्मरण करावयास गेलेल्यांना, तो जिवंत आहे, ही वार्ता घेऊन धावत परतावे लागले. ख्रिस्ती श्रद्धेचा आरंभ येथे आहे. ख्रिस्त उठला नसेल तर आमचा विश्वास व्यर्थ होय, असे संत पौलाने स्वच्छ सांगून ठेवले आहे.

ही कथा आपल्या भाषेलाही नवी नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांनी ती मराठी ओव्यांत गायिली, आणि १६१६ साली गोव्यात राशोल येथे त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापून निघाले. तेथील देवळांतून ते भाविकांना वाचून दाखवीत.

परंतु ज्या घरातून नुकतीच तिरडी उठली आहे, त्या घराला आम्ही ईस्टरच्या दिवशी काय सांगावे? ‘रडू नका, आनंद करा’ असे म्हणणे सोपे आहे. ऐकणाऱ्याच्या मात्र ते जिव्हारी लागते. शुभवर्तमान तसे म्हणत नाही. मग्दालिया मरिया कबरेपाशी रडत उभी होती. प्रभूने तिला बोल लावला नाही. तिच्या नावाने हाक मारली. त्या हाकेने तिने त्याला ओळखले. ईस्टर हा न रडणाऱ्यांचा सण नव्हे. रडणाऱ्याला नावाने हाक मारणारा कोणी आहे, हा त्याचा अर्थ होय.

आणखी एक गोष्ट. उठलेल्या ख्रिस्ताच्या अंगावर खिळ्यांचे वण तसेच होते. थोमाला शंका आली तेव्हा प्रभूने त्याला वादात गुंतविले नाही, जखमा पुढे केल्या. म्हणून पुनरुत्थानाचा पुरावा कोणी मागितला, तर आपणही पोथ्या उघडून बसू नये. आजाऱ्याच्या उशाशी बसावे, पोरक्या मुलाची फी भरावी, विधवेच्या दारी जावे. धर्मादाय ट्रस्टचे काम याहून निराळे ते काय?

ईस्टरच्या आदल्या रात्री आमच्या देवळात प्रथम अंधार असतो. मग एक मोठी मेणबत्ती पेटते, आणि तिच्यावरून हातोहात सर्वांच्या मेणबत्त्या उजळतात. देणाऱ्याची ज्योत त्याने उणी होत नाही. आपल्या ट्रस्टच्या हातून असाच उजेड घरोघर जावो, एवढीच प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.