पाळी जातानाचा काळ आणि आपल्याला मानवणारे औषध
(कोथरूड येथील माता-पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावरून परीक्षा, शिष्यवृत्ती, वसतिगृह अशा विषयांवर बोलण्याचा प्रघात आहे. माझा आजचा विषय ह्या यादीत सहसा नसतो. परंतु आपण थोडा हिशेब करून पाहा. मुलगा किंवा मुलगी दहावी-बारावीला येते, तेव्हा पुष्कळ घरांत आईचे वय ४० ते ५० च्या दरम्यान असते. भारतीय स्त्रीची पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी कायमची थांबते. पाश्चात्त्य देशांत हेच वय ५१ च्या आसपास आहे. म्हणजे मुलांची परीक्षा आणि आईची रजोनिवृत्ती ह्या दोन्ही गोष्टी एकाच छपराखाली, एकाच वेळी चालू असतात. एकीची चर्चा सारे घर करते. दुसरीचा उच्चारही होत नाही.

कोथरूडमध्ये तरी ह्या विषयाचा संकोच वाटू नये. येथून जवळच हिंगण्याला महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९०० साली अनाथ बालिकाश्रम आणला. त्यांचे चिरंजीव रघुनाथराव यांनी मुंबईहून १९२७ पासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविले, शरीराविषयी स्पष्ट लिहिले आणि त्यापायी कोर्टाची पायरीही चढले. ज्यांच्या नावाच्या रस्त्याने आपण रोज ये-जा करतो, त्या घराण्याने ही वाट कधीच मोकळी करून ठेवली आहे.

आता मूळ विषयाकडे वळू. वयानुसार अंडाशयातील अंडी संपत येतात आणि इस्ट्रोजेन ह्या हार्मोनची निर्मिती कमी होते. ती एकदम थांबत नाही. काही वर्षे वरखाली होत राहते. त्यामुळे पाळी मागेपुढे होते, अंगातून गरम वाफा निघतात, रात्री घामाने उशी भिजते, झोप मोडते, छातीत धडधडते, सांधे दुखतात, चिडचिड होते, विसरायला होते. पुढे योनिमार्ग कोरडा पडतो, लघवीला जळजळ होते आणि हाडे विरळ होऊ लागतात. शेवटच्या पाळीला सलग १२ महिने उलटले की रजोनिवृत्ती झाली असे समजावे. वय ४५ च्या पुढे असेल आणि लक्षणे अशी स्पष्ट असतील, तर निदानासाठी महागड्या हार्मोन-तपासण्यांची बहुधा गरज नसते. मात्र ४० च्या आत पाळी थांबली, तर डॉक्टरांना अवश्य दाखवावे.

ह्यात आजार असा काही नाही. अनेक स्त्रियांना औषध लागतही नाही. परंतु जिची झोप आणि कामकाज ह्यामुळे विस्कटले आहे, तिने "बाईच्या जातीला हे सोसावेच लागते" असे म्हणून गप्प बसू नये. कमी झालेले हार्मोन बाहेरून थोड्या प्रमाणात देण्याची उपचारपद्धती आहे आणि गरम वाफांवर तिच्याइतका गुणकारी दुसरा उपाय नाही. तरीही आपल्याकडे स्त्रिया दोनच टोकांना जाताना दिसतात. काहींना ह्या औषधाची भीती वाटते, तर काही सरळ पिशवी काढून मोकळ्या होतात.

आधी भीतीविषयी बोलते. जुलै २००२ मध्ये अमेरिकेतील एक फार मोठा अभ्यास मध्येच थांबविण्यात आला. १६,६०८ स्त्रियांच्या ह्या अभ्यासात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनसारखे दुसरे एक औषध ह्यांची जोडगोळी दिली होती. ती घेणाऱ्या दर १०,००० स्त्रियांमागे वर्षाला स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे ८ रुग्ण जास्त आढळले. शिवाय पक्षाघात, हृदयविकार आणि रक्ताच्या गाठीही थोड्या वाढल्या. ही बातमी जगभर पसरली आणि लाखो स्त्रियांनी औषध सोडून दिले. परंतु त्या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते, ही गोष्ट बातमीच्या मागे राहिली. पुढील छाननीत असे दिसले की, जिचे वय ६० च्या आत आहे किंवा पाळी जाऊन १० वर्षे झालेली नाहीत, जिला त्रास आहे आणि दुसरा अडसर नाही, अशा स्त्रीला बहुधा तोट्यापेक्षा फायदा अधिक होतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनानेही अशा औषधांवरील ठळक इशाऱ्यांपैकी बरेचसे काढण्याचा निर्णय नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केला. ह्याचा अर्थ धोका शून्य आहे असा नव्हे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाश्चात्त्य देशांतील माहितीनुसार, ५० व्या वर्षापासून पाच वर्षे दररोज जोडगोळी घेणाऱ्या ५० स्त्रियांपैकी एकीला पुढील काळात स्तनाचा कर्करोग त्या औषधामुळे होतो. हा आकडा लपवू नये आणि त्याचा बागुलबुवाही करू नये. तो समोर ठेवून आपला निर्णय घ्यावा.

दुसरे टोक शस्त्रक्रियेचे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांची हकीकत २०१९ साली सर्व महाराष्ट्राने वाचली. शासनाच्या समितीसमोर आलेल्या पाहणीत ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची, म्हणजे दर सहांत जवळजवळ एकीची, गर्भाशयाची पिशवी काढलेली आढळली. त्याच सुमाराच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील हे प्रमाण देशभरात शंभरात सुमारे तीन इतके होते. नवराबायकोच्या जोडीला, म्हणजे 'कोयत्या'ला, मुकादमाची उचल. एक दिवस बुडाला की खाड्याचा दंड. शेतात ना पाणी, ना आडोसा. अंगावरून पांढरे जाते, पोटात दुखते म्हणून दवाखाना गाठावा, तर कर्करोगाची भीती घालून पिशवीच काढली जायची. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयेही काढली तर तिशीतल्या बाईची पाळी एका दिवसात संपते. नुसती पिशवी काढली तरी रजोनिवृत्ती काहीशी लवकर येऊ शकते. अशा स्त्रीची हाडे आणि हृदय ह्यांचे इस्ट्रोजेनचे छत्र ऐन तरुणपणी जाते. म्हणून, अंडाशये ४५ च्या आत गेली असतील आणि अडसर नसेल, तर निदान नैसर्गिक वयापर्यंत हार्मोन-उपचार घेणे योग्य असते. ज्यांना हे कोणीच सांगितले नाही, अशा स्त्रिया आपल्या गावाकडच्या नात्यातही असतील. त्यांच्यापर्यंत हा निरोप पोहोचवा.

मग आपल्याला मानवणारे औषध कसे शोधावे? शेजारणीला जे लागू पडले ते आपल्याला पडेलच असे नाही. डॉक्टरांसमोर बसताना पुढील प्रश्नांची उत्तरे तयार ठेवावीत.

पहिला प्रश्न, पिशवी आहे की काढली आहे? पिशवी असेल तर नुसते इस्ट्रोजेन कधीही घेऊ नये. त्याने गर्भाशयाचे अस्तर वाढत जाते आणि कर्करोगाचा धोका निर्माण होतो. सोबत प्रोजेस्टेरॉन हवेच. पिशवी नसेल तर बहुधा एकट्या इस्ट्रोजेनवर भागते.

दुसरा प्रश्न, त्रास कोणता? केवळ कोरडेपणा आणि वारंवार लघवीची जळजळ असेल, तर योनिमार्गात लावण्याचे इस्ट्रोजेनचे मलम पुरते. ते रक्तात अत्यल्प उतरते आणि त्यासोबत प्रोजेस्टेरॉन लागत नाही. संकोचापायी ह्या साध्या उपायाला मुकणाऱ्या स्त्रिया कितीतरी आहेत.

तिसरा प्रश्न, गोळी की कातडीवाटे? गोळी यकृतातून जाते आणि रक्त गोठण्याची प्रवृत्ती थोडी वाढवते. जिचे वजन जास्त आहे, मधुमेह किंवा अर्धशिशी आहे, घराण्यात रक्ताच्या गाठींचा इतिहास आहे, तिला दंडाला किंवा मांडीला चोळण्याचे जेल अधिक सुरक्षित ठरते.

चौथा प्रश्न, पाळी पुन्हा आलेली चालेल काय? प्रोजेस्टेरॉन महिन्यातून १२ ते १४ दिवस घेतले तर दर महिन्याला रक्तस्राव होतो. पाळी पूर्ण थांबून वर्ष झाल्यावर ते रोज घेतले तर स्राव बहुधा होत नाही, मात्र पहिले काही महिने अधूनमधून डाग दिसू शकतात. नमाज-रोजा सांभाळणाऱ्या स्त्रीच्या दृष्टीने हा फरक लहान नाही. तो डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावा. रमजानमध्ये दिवसातून एकदाची गोळी इफ्तारनंतर घेता येते; प्रोजेस्टेरॉनने गुंगी येत असल्याने ते तसेही रात्रीच घ्यावयाचे असते. काही जुनी इस्ट्रोजेनची औषधे गाभण घोडीच्या मूत्रापासून काढलेली असतात. ज्यांना ती नको असतील, त्यांच्यासाठी वनस्पतिजन्य द्रव्यांपासून बनविलेले एस्ट्राडायॉल उपलब्ध आहे. विचारल्याशिवाय हे कोणी सांगणार नाही.

ह्या उत्तरांवरून डॉक्टर कमीत कमी मात्रेने सुरुवात करतील. पुढे निदान तीन महिने धीर धरावा. आरंभी स्तन दुखणे, मळमळणे, डोके जड होणे असे काही होते आणि पुष्कळदा आपोआप जाते. न गेल्यास मात्रा, प्रकार किंवा वाट बदलता येते. पहिले औषध मानवले नाही म्हणजे उपचारच मानवत नाही असे समजून सोडून देऊ नये. त्यानंतर वर्षातून एकदा, पुढे चालू ठेवावे काय, ह्याचा विचार डॉक्टरांबरोबर करावा. हे औषध गर्भनिरोधक नव्हे, हेही ध्यानात असू द्यावे.

काहींनी मात्र हा उपचार घेऊ नये. स्तनाचा कर्करोग झालेला असणे, अलीकडे हृदयविकाराचा किंवा पक्षाघाताचा झटका येऊन गेलेला असणे, रक्ताच्या गाठी, यकृताचा चालू आजार आणि कारण न कळलेला रक्तस्राव ही कारणे त्यात येतात. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर थेंबभर रक्त दिसले, तरी आधी तपासणी, मग औषध. सुरुवातीपूर्वी रक्तदाब, साखर व स्तनांची तपासणी करून घ्यावी. ज्यांना हार्मोन चालत नाहीत त्यांच्यासाठी इतर गोळ्या आहेत, त्यामुळे त्यांनीही निराश होऊ नये. आणि व्यायाम, दूध, नाचणी, थोडे ऊन हे तर सर्वांनाच हवे. म्हातोबाची टेकडी जवळच आहे. चार मैत्रिणींनी मिळून सकाळी निघावे.

शेवटी पालक बंधूंना आणि विद्यार्थ्यांना एक विनंती. आई रात्री तीनदा उठून पंख्याखाली बसत असेल, तर ते तिचे वेड नव्हे आणि नाटकही नव्हे. एका वहीत महिनाभर तारीख, वाफा, झोप आणि रक्तस्राव ह्यांची नोंद करण्यास तिला मदत करा. ती शिकलेली नसेल तर तुम्ही लिहा. घरात आजी, खाला किंवा फुफीला स्तनाचा कर्करोग होता काय, हे विचारून ठेवा. डॉक्टरांकडे जाताना तिच्यासोबत जा. आणि कोणी पहिल्याच भेटीत "पिशवी काढून टाका" म्हणाले, तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतल्याशिवाय सही करू नका. पुस्तकातील शिक्षण घरच्या माणसाच्या उपयोगी पडण्याची ह्याहून चांगली संधी कोणती?