विटाळ कोणता आणि विष कोणतें?

(शाळेंतील मातापालक सभेंत एका शिक्षकानें दिलेलें व्याख्यान)



आज तुम्हांला मुलांचे मार्क सांगण्यासाठीं बोलाविलेलें नाहीं. गेल्या वैशाखांत शेजारच्या गांवीं हळदीच्या जेवणांत काय घडलें, तें तुम्हांपैकीं पुष्कळांना ठाऊक आहे. मटणाचीं दोन मोठीं पातेलीं दुपारीं दोन वाजतां चुलीवरून उतरलीं. मुंबईचे पाहुणे उशिरां आले, नाचगाणें लांबलें, आणि पंगत बसली रात्रीं साडेदहाला. रात्र सुखाची गेली. सकाळीं आठानंतर मात्र घरोघर पोटांत मुरडा आणि जुलाब! वीस-बावीस माणसें दवाखान्यांत न्यावीं लागलीं. वेळेवर सलाईन मिळालें म्हणून कोणी दगावलें नाहीं.

मग गुन्हेगाराचा शोध सुरू झाला. एक म्हातारी विधवा सांजच्याला मांडवांत डोकावली होती, एवढ्यावरून तिची नजर लागली असें ठरलें. आजहि कित्येक घरांत तिच्या हातचें पाणी घेत नाहींत. हें ठरत होतें तेव्हां मी त्या ओटीवर बसलों होतों. खरें कारण मला कळत होतें. पण पाहुणा म्हणून गेलेला मास्तर तोंड मिटून परत आला. तें कर्ज मजवर आहे, आणि तें फेडण्यासाठीं मी आज उभा आहें.

आतां हिशेब पाहा. मटण उकळलें म्हणजे बहुतेक जंतू मरतात. पण कांहीं जातींचीं बीजें त्या उकळीलाहि दाद देत नाहींत. झांकलेलें मोठें पातेलें वरून निवलें तरी आंत तासन्‌तास कोमट राहतें. ५ अंशांपासून ६० अंश सेल्सिअसपर्यंतची ऊब म्हणजे जंतूंचा सुगीचा काळ. एका जंतूचे वीस मिनिटांत दोन होतात असें धरलें, तर तीन तासांत ५१२ आणि आठ तासांत दीड कोटींहून अधिक! दुपारीं दोन ते रात्रीं साडेदहा म्हणजे किती तास, तें तुमचीं मुलेंच तुम्हांला सांगतील. विष पातेल्याच्या पोटांत वाढत होतें, आणि आम्ही तें म्हातारीच्या डोळ्यांत शोधीत बसलों!

शुद्ध-अशुद्धाचा विचार आपल्या समाजाला नवा नाहीं. तो अतोनात आहे, पण भलत्याच जागीं आहे. आपल्याच जिल्ह्यांत, तेव्हां त्याचें नांव कुलाबा होतें, महाड येथें २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे हजारों लोक चवदार तळ्याचें पाणी प्याले. गुरेंढोरें पीत तोंवर तें तळें बाटलें नव्हतें. माणसें प्यालीं आणि बाटलें! मग सनातन्यांनीं १०८ घागरी पाण्यांत शेण, गोमूत्र, दूध, दहीं कालवून तें मंत्रघोषांत तळ्यांत ओतलें आणि तळें 'शुद्ध' केलें. पिण्याच्या पाण्यांत शेण गेलें म्हणजे पोटाचें काय होतें, तें आमचा सातवीतला पोरगा सांगेल. ज्याला विटाळ म्हटलें त्यांत विष नव्हतें, आणि ज्याला शुद्धि म्हटलें त्यांत होतें.

जंतू जात विचारीत नाहीं, कुंकूं पाहत नाहीं. तो चारच गोष्टी पाहतो. हात धुतला कां? कच्चें आणि शिजलेलें वेगळें ठेवलें कां? अन्न पुरतें तापलें कां? आणि किती वेळ पडून राहिलें?

आपल्या घरांत शिरून पाहूं. ज्या विळीवर सुरमई कापली, तीच फडक्यानें पुसून तिच्यावर कोशिंबिरीचा कांदा चिरतात. मासळीचे जंतू कांद्यावर जातात, आणि कांदा तर कच्चाच खावयाचा! विळी साबणानें धुवा, किंवा कांदा आधीं चिरा. बोटाला पिकलेली जखम असेल तर त्या हातानें अन्न मळूं नका, वाढूं नका. त्या जखमेंतील जंतूंचें विष अन्नांत एकदां उतरलें कीं अन्न पुन्हां उकळूनहि जात नाहीं.

रात्रीचा भात ओट्यावर ठेवून सकाळीं फोडणीला टाकतात. 'फोडणींत सगळें मरतें' हा समज खोटा आहे. जंतू मरतो, त्याचें विष उरतें. उरलेला भात परातींत पसरून लवकर निववा आणि दोन तासांच्या आंत फ्रिजांत ठेवा. खातेवेळीं वाफ निघेपर्यंत तापवा. फ्रिजवरहि आंधळा विश्वास नको. ३ जून २०२० रोजीं निसर्ग वादळ आपल्या किनाऱ्यावर आदळलें, तेव्हां कित्येक गांवांत अनेक दिवस वीज नव्हती. वीज नसलेला फ्रिज म्हणजे नुसतें कपाट.

आणि आपली मासळी! बांगडा, कुपा, सुरमई उन्हांत बर्फावांचून राहिली, तर तिच्यांत एक विष तयार होतें. तें तळून जात नाहीं, आणि वासाला कळेलच असेंहि नाहीं. खाल्ल्यावर घटकाभरांत तोंड लाल होतें, डोकें दुखतें, अंगाला खाज सुटते. लोक म्हणतात पित्त उठलें. तें पित्त बर्फाच्या कंजुषीचें असतें! होडींतून उतरल्यापासून घरीं येईपर्यंत मासळीला बर्फ सोडूं नये.

हें सारें बायकांच्याच माथीं मारूं नका. बर्फ आणणें, हात धुण्याच्या जागीं साबण ठेवणें आणि पंगतीला वेळेवर बसणें, हीं पुरुषांचीं कामें आहेत. पंगतीला उशीर होणार असेल तर अन्न उशिरां शिजवा, नाहींतर चुलीवर कढत ठेवा.

इतकें करूनहि जुलाब लागलेच, तर अंगारा-धुपारा करूं नका. एक लिटर उकळून निवविलेल्या पाण्यांत सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून घोटघोट पाजा. हीच घरगुती जलसंजीवनी. शौचांत रक्त दिसलें, ताप चढला, मुलाचे डोळे खोल गेले किंवा लघवी थांबली, तर एक क्षण न दवडतां दवाखाना गांठा.

येत्या रविवारीं सकाळीं मी त्या म्हातारीच्या घरीं जाणार आहें. ज्या घरांनीं तिच्या हातचें पाणी बंद केलें, त्यांना ऐकूं जाईल इतक्या मोठ्यानें मी हा हिशेब तिच्या ओटीवर बसून सांगणार आहें, आणि तिच्या हातचा चहा पिणार आहें. ज्यांना माझें म्हणणें पटलें असेल त्यांनीं नुसत्या टाळ्या वाजवूं नयेत. रविवारीं माझ्याबरोबर चालावें.