परिक्रमेची वाट विचारताना



नर्मदापरिक्रमा करावी असे ज्याच्या मनात येते, त्याच्यावर सल्ल्यांचा असा पाऊस पडतो की, घराचा उंबरा ओलांडण्याआधीच तो चिंब भिजावा. कोणी अंतर २६०० किलोमीटर सांगतो, कोणी ३५००. दोघेही खोटे बोलत नसतात. नदीची लांबी १३१२ किलोमीटर. तिची दुप्पट केली की पहिला आकडा येतो, आणि नाले, डोंगर, जलाशय यांचे वळसे जमेस धरले की तो वाढत जातो. कागदावर हा फरक क्षुल्लक आहे. पाठीवर वळकटी घेऊन चालणाऱ्याला तो महिना-दीड महिन्याचा पडतो. त्यातून नदी उजव्या हाताला ठेवायची आणि मुखापाशी होडीत बसेपर्यंत तिचा प्रवाह ओलांडायचा नाही, असे व्रत! इतर प्रवासात वाट चुकली तर समोरच्या काठाला लागता येते. येथे आल्या पावली परतावे लागते.

गोसीखुर्दच्या या परिसरात ही गोष्ट फोड करून सांगण्याची गरज नाही. १९८८ साली येथे धरणाची कोनशिला बसली. ११ किलोमीटरांहून लांब भिंत उभी राहिली आणि वैनगंगेच्या काठच्या कितीतरी गाडीवाटा पाण्याखाली गेल्या. अंभोऱ्याच्या संगमावर पलीकडे जायचे तर नाव, हे पिढ्यान्‌पिढ्यांचे उत्तर होते. २०२४ साली तेथे पूल खुला झाला आणि ते उत्तर जुने झाले. सांगणारा प्रामाणिक होता, पण त्याची माहिती कोणत्या सालची, हे विचारायचे राहून गेले तर प्रामाणिकपणाचा उपयोग काय?

नर्मदेवर हेच मोठ्या प्रमाणावर घडले आहे. अमृतलाल वेगड १९७७ साली जबलपूरहून मंडल्याकडे चालत निघाले. त्यांची वर्णने मी पुनःपुन्हा वाचतो. परंतु त्याच टापूत पुढे बरगीचे धरण १९९० साली पुरे झाले, तेव्हा ती वर्णने मनाला वाट दाखवतील, पायांना नव्हे. शूलपाणेश्वराचे जुने मंदिर सरदार सरोवरात गेले. नवे गोरा येथे आहे. शूलपाणीच्या झाडीतली काठाची वाट बुडाल्यावर पुष्कळ परिक्रमावासी आता शहादा, प्रकाशा, तळोदा, अक्कलकुवा असे फिरून जातात, म्हणजे नर्मदेची परिक्रमा करताना मुक्काम तापीकाठी पडतो. आणि नावांचा घोटाळा पाहा: गोसीखुर्दच्या प्रकल्पाचे नाव इंदिरासागर, आणि नर्मदेवर खंडव्याकडे आहे तोही इंदिरासागरच. नुसते नाव विचारणाऱ्याला भलत्याच नदीची पातळी कळायची!

नकाशाचे म्हणाल तर आपल्या विदर्भाचा त्याच्याशी जुना संबंध आहे. हिंदुस्थानची त्रिकोणमितीय मोजणी सुरू करणारा विल्यम लॅम्बटन १८२३ साली हिंगणघाटला वारला. मोजणी खात्याचे नकाशे २०१७ पासून नागरिकांना विनामूल्य मिळू लागले, हे फार चांगले झाले. मात्र समासात मोजणीचे साल छापलेले असते ते आधी वाचावे. ते धरणापूर्वीचे असेल, तर कागदावर शेत आणि डोळ्यांपुढे समुद्र अशी गत होईल.

माणसाला विचारण्याचीही रीत आहे. ‘ही वाट अमुक गावाला जाते ना?’ असे विचारले की, आपला सज्जन शेतकरी पाहुण्याचे मन मोडू नये म्हणून ‘हो’ म्हणतो. त्यापेक्षा ‘ही वाट कुठे जाते?’ असे विचारावे आणि गप्प उभे राहावे. ‘किती कोस?’ याऐवजी ‘आता निघालो तर दिवेलागणीपूर्वी पोचेन का?’ हा प्रश्न बरा, कारण कोस प्रत्येक गावचा वेगळा. सर्वांत उत्तम म्हणजे समोरून येणारा माणूस. परंतु परिक्रमेत सगळे एकाच दिशेने चालतात, समोरून कोणी यायचेच नाही! म्हणून गुराखी, कोळी आणि पायी शाळेत जाणारी मुले यांना गाठावे. जलाशय पावसाळ्याअखेरीस भरतो आणि उन्हाळ्यात उतरतो. कार्तिकातला काठ वैशाखात राहत नाही. तेव्हा त्यांना शेवटचा प्रश्न असा करावा: ‘तुम्ही स्वतः या वाटेने कधी गेला होता, पाऊस संपल्यावर की पावसापूर्वी?’