टेपवरचा मोठा आकडा

फौजेतून निवृत्त होऊन जयपुरात स्थिरावलो, तेव्हा एका कार्यालयाचा बॅकअप माझ्याकडे आला. एलटीओ-८ टेपवर ३० टीबी छापलेलं. ती १२ टीबीतच भरायची, बॅकअप अर्धवट राहायचा. मी ड्राइव्हला दोष देत होतो. चूक माझीच! ३० हा आकडा डेटा अडीचपट दाबला जाईल असं धरून असतो. आमचं सॉफ्टवेअर मात्र आधीच एन्क्रिप्ट करत होतं. एन्क्रिप्ट झालं की पुनरावृत्ती उरत नाही, मग ड्राइव्ह दाबणार काय? एन्क्रिप्शन ड्राइव्हकडेच सोपवलं. तो आधी दाबतो, मग कुलूप लावतो. जागा झाली. फोटो-व्हिडिओ मात्र बांधलेल्या होल्डॉलसारखे, आणखी दबत नाहीत. म्हणून हिशेब १२चाच धरा, आणि कुलपाची किल्ली टेपपासून वेगळी जपा. जय हिंद.