आवाज येतो, शब्द येत नाहीत

(मंडळाच्या मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



माइकसमोर आमच्यापैकी एकच उभा असला तरी हे बोलणं दोघांचं आहे. दुसरी बाजू समोर दुसऱ्या रांगेत बसली आहे, त्यामुळे काही चुकलं तर तिथून दुरुस्ती येईलच. सेक्रेटरींनी विषय दिला तो असा: घरच्या होम थिएटरसाठी स्पीकर आणि अँप्लिफायर कसे निवडावेत. आम्ही इंजिनिअर नाही. आमची पात्रता एवढीच, की आम्ही ही खरेदी एकदा चुकवली आणि मग दुसऱ्यांदा केली.

आमच्या घरी रविवारी रात्री जेवणं झाली की सगळ्यांनी मिळून एक मराठी चित्रपट पाहायचा, हा शिरस्ता व्हीसीआरच्या दिवसांपासूनचा. इंदुरात मराठी चित्रपट लागतात थोडे, आणि लागले तरी दोन दिवसांत उतरतात, हे तुम्हाला सांगायला नको. मुलांच्या कानावर घरच्या चार माणसांपलीकडचं मराठी पडायचं ते या रविवारीच. आमचे नाना ८१ वर्षांचे. मंडळाच्या नाटकांतून त्यांनी कामं केलेली, त्यामुळे चित्रपट संपला की कोण कुठे कमी पडला याची समीक्षा त्यांच्याकडून व्हायची. दीड-दोन वर्षांपूर्वी ते मधूनच उठून आत जायला लागले. विचारलं की म्हणायचे, झोप येते. एकदा नातीनं सरळ विचारलं, "आजोबा, तुम्हाला पिक्चर आवडत नाहीत का आता?" तेव्हा म्हणाले, "आवाज येतो गं, शब्द येत नाहीत. तुम्ही हसलात की मी हसतो. त्याचा कंटाळा आला."

आम्ही सगळे करतात तेच केलं. टीव्हीचा आवाज वाढवला. गाणं लागलं की शेजारचे दार वाजवायचे आणि बोलणं सुरू झालं की नाना परत कपाळाला आठ्या घालून बसायचे.

कानाच्या डॉक्टरांनी तपासणीचा आलेख समोर ठेवून सांगितलं ते इथल्या बऱ्याच जणांच्या उपयोगाचं आहे. वयानं कान जातो तो सगळा सारखा जात नाही. आधी वरच्या पट्टीतलं ऐकू येणं कमी होतं, साधारण २००० हर्ट्झच्या वरचं. आपल्या बोलण्यातलं बळ असतं स्वरांत, आणि ते खालच्या पट्टीत असतं. अर्थ मात्र ठरतो व्यंजनांवर, आणि क, ट, च, स, फ यांची ओळख पटवणारा भाग नेमका वरच्या पट्टीत असतो. काळ, टाळ, चाळ, फाळ. नानांना या चारही शब्दांत 'आळ' तेवढा ऐकू येत होता. आवाज वाढवला की तो 'आळ' मोठा होतो, शब्द होत नाही. डॉक्टरांनी श्रवणयंत्र लिहून दिलं. नानांनी चार दिवस वापरलं, भांड्यांचा खणखणाट सहन होत नाही म्हणाले आणि खणात ठेवलं. त्याबद्दल पुढे बोलू.

आता टीव्हीची बाजू. जुन्या डब्याएवढ्या टीव्हीला स्पीकर समोर असायचा. आजच्या पातळ टीव्हीत तो मावत नाही, म्हणून बहुतेकांत तो खालच्या कडेला किंवा पाठीमागे बसवतात. म्हणजे नटाचं बोलणं आधी भिंतीवर आणि फरशीवर आपटतं, मग आपल्याकडे येतं. ज्या वरच्या पट्टीची नानांना गरज, तीच सरळ समोरून यायला हवी, आणि तीच वाट चुकते.

एवढं कळल्यावर आम्ही बाजारात गेलो आणि फसलो. एका दुकानात एका खोक्यात सगळं होतं: पाच छोटे स्पीकर, एक मोठं खोकं, आणि वर छापलेलं 'हजार वॉट'. दुकानदारानं स्फोटांचा एक प्रसंग लावला. काचा थरथरल्या. आम्ही पैसे दिले. घरी आल्यावर कळलं की स्फोट उत्तम ऐकू येतात. नाना पहिल्या पंधरा मिनिटांत उठून गेले.

त्या हजार वॉटचा हिशेब आम्ही नंतर वहीत मांडला, तो तुमच्यापुढे ठेवतो. खोक्यावर 'पीएमपीओ' लिहिलेला आकडा असेल तर तो वाचूच नका. तो क्षणभराच्या शिखराचा असतो आणि कसा मोजायचा याला सर्वमान्य नियम नाही. 'आरएमएस' वॉट विचारा, आणि तेही किती ओहमवर, किती विकृतीसह, किती चॅनेल एकाच वेळी चालू ठेवून, हे विचारा. ८ ओहमवर, २० ते २०,००० हर्ट्झ, दोन चॅनेल चालू, विकृती ०.१ टक्क्याच्या आत, असं लिहिलेले ७० वॉट हे खरे ७० वॉट. ६ ओहमवर, एकच चॅनेल, १० टक्के विकृतीसह लिहिलेले दीडशे वॉट म्हणजे लग्नपत्रिकेवरचा मुहूर्त. छापलेला असतो, त्या वेळेला काही होत नाही.

पुढची गोष्ट आम्हाला सर्वांत उशिरा कळली. वॉट दुप्पट केले की आवाज दुप्पट होत नाही, फक्त ३ डेसिबलनं वाढतो, जेमतेम जाणवेल एवढा. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॉट. याउलट स्पीकरच्या कागदावर 'सेन्सिटिव्हिटी' नावाचा एक आकडा असतो: १ वॉट दिला तर १ मीटरवर किती डेसिबल. ८७ चा स्पीकर सोडून ९० चा घेतला तर तेवढ्यानंच अँप्लिफायर दुप्पट केल्यासारखं होतं. (४ ओहमच्या स्पीकरवर हा आकडा २.८३ व्होल्टला दिलेला असेल तर त्यातून ३ वजा करा. तिथे १ नव्हे, २ वॉट गेलेले असतात.)

आमच्या दिवाणखान्यात सोफा टीव्हीपासून ३ मीटरवर आहे. ८७ डेसिबलचा स्पीकर १ वॉटवर तिथे सुमारे ७७ डेसिबल देईल. घरात बसून चित्रपट पाहायला बोलणं ७० पर्यंत असलं तरी भरपूर झालं. म्हणजे नटाच्या बोलण्याला लागतो पाव वॉटसुद्धा नाही. ढोल-ताशे वाजले, आवाज २० डेसिबलनं उसळला, तर शंभरपट, म्हणजे २० वॉट. घरच्या खोलीला खरे ५० ते ८० वॉट पुरून उरतात. अगदी अशक्त अँप्लिफायरही घेऊ नका, कारण तो ताणला की आवाज फाटतो आणि त्या फाटण्यानं स्पीकरमधला बारीक आवाजाचा छोटा भाग जळतो.

मग पैसे कशावर घालायचे? आमचं उत्तर आहे, मधल्या स्पीकरवर. ५.१ म्हणजे समोर डावा, मधला, उजवा, मागे दोन, आणि खर्जासाठी सबवूफर. आजच्या चित्रपटांत संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरला दिलेला असतो. फक्त दोन स्पीकर असले तर आवाज मधोमध आल्याचा भास होतो, पण तो बरोबर मध्ये बसणाऱ्यालाच. नानांची आरामखुर्ची खिडकीशी, एका कडेला. त्यांना सगळं एकाच बाजूनं यायचं. खोक्यातला मधला स्पीकर मुठीएवढा होता आणि तोच सगळ्यांत स्वस्त बनवलेला होता. घरातल्या कर्त्या माणसाला पाटावर बसवून पाहुण्यांना खुर्च्या, तसं.

दुसऱ्या खेपेला आम्ही समोरचे तीनच घेतले, तिन्ही एकाच कंपनीच्या एकाच मालिकेतले, म्हणजे माणूस पडद्यावर डावीकडून उजवीकडे चालला तरी त्याचा आवाज बदलत नाही. सोबत एक साधा एव्ही रिसीव्हर, ज्यावर स्पीकरचे ओहम चालतात असं लिहिलेलं होतं. टीव्हीपासून एचडीएमआय एआरसीची एकच तार. स्पीकरच्या तारा साध्या तांब्याच्या, १६ गेजच्या. सोन्याचा मुलामा दिलेल्या तारा दाखवतात. सोनं सराफ्यातच घ्यावं. सबवूफर चार महिन्यांनी आला, मागचे दोन अजून यायचे आहेत. सगळं एकदम घ्यायला हवं असं मुळीच नाही.

दुकानात जाताना आम्ही या वेळी आपली परीक्षा बरोबर नेली. हिनं फोनवर वीस शब्द सावकाश वाचून रेकॉर्ड केले: सात, साठ, काळ, चाळ, फाटक, पाठ, असे एकमेकांशी घोटाळा करणारे. दुकानदार म्हणाला, "साहब, ये क्या सुन रहे हो, पिक्चर लगाता हूँ." नाना डोळे मिटून बसले आणि ऐकलेला शब्द उच्चारत गेले. घरी टीव्हीवर वीसपैकी अकरा जमले होते. सगळ्यांत महागड्या जोडीवर तेरा आले आणि तिच्याहून पुष्कळ स्वस्त संचावर पंधरा. आम्ही तोच घेतला.

घरी आणल्यावर मात्र पंधराचे बारा झाले. दुकानातली खोली गालिचे आणि पडद्यांनी भरलेली होती; आमच्याकडे कोटा फरशी, काचेचं शोकेस आणि उघड्या भिंती. खोलीच्या मध्ये उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीमागे झणझण आली तर प्रत्येक व्यंजनावर मागच्या स्वराची शेपटी येऊन पडते आहे. आम्ही सोफ्यासमोर जाड सतरंजी घातली, खिडकीला दुहेरी पडदा लावला आणि मागच्या भिंतीशी दिवाळी अंकांचं कपाट ओढलं. दिवाळी अंकांचा हा उपयोग संपादकांच्या ध्यानात आला नसेल. मधला स्पीकर शोकेसच्या आतून काढून पुढच्या कडेला आणला आणि खाली रबराचा तुकडा देऊन बसलेल्या माणसाच्या कानाकडे तिरका केला. या सगळ्याला हजार रुपयेसुद्धा लागले नाहीत. शब्द झाले सोळा.

मग रिसीव्हरच्या मेनूत शिरलो. त्याच्याबरोबर आलेला छोटा माइक बसण्याच्या जागी ठेवला की तो अंतरं आणि पातळ्या स्वतः जुळवतो. ते झाल्यावर फक्त मधल्या स्पीकरची पातळी ३ डेसिबलनं वाढवली. संवाद पुढे आला, गाणी जागेवर राहिली. रात्री उशिरा 'नाइट मोड' लावतो, त्यानं मोठे आवाज दबतात आणि बारीक उचलले जातात. तिन्ही स्पीकरना ८० हर्ट्झच्या खालचं काम दिलेलं नाही. ते सबवूफर बघतो, त्यामुळे बोलणं गढूळ होत नाही.

त्या सबवूफरची जागा ठरवण्याची एक रीत आहे, आणि ती खरोखर चालते. तो उचलून सोफ्यावर बसवायचा, खर्जाचं काहीतरी लावायचं आणि आपण भिंतीकडेनं चार पायांवर रांगत फिरायचं. जिथे खर्ज भरीव पण स्वच्छ वाटेल ती त्याची जागा. आम्ही दोघे असे रांगत असताना शेजारच्या काकू सत्यनारायणाचा प्रसाद घेऊन आल्या. त्या आजही इथे आहेत, त्यांनी कृपया हसू नये. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी सबवूफर सामाईक भिंतीपासून मात्र दूर ठेवावा. शब्द भिंतीत अडतो, खर्ज पलीकडे जातो.

जुन्या चित्रपटांबद्दल एक. 'श्यामची आई' १९५३ चा, त्याला आवाजाचा एकच मार्ग. तो नीट लावला तर सगळा मधल्या स्पीकरमधून येईल आणि बाकीचे गप्प राहतील. तेच बरोबर आहे. पैसे दिले म्हणून सगळे स्पीकर वाजायला लावणारं बटण असतं, ते दाबू नका. एकच शब्द चार ठिकाणांहून येऊन पुसट होतो. आणि आमीर खाँसाहेब किंवा कुमारजी ऐकायचे असतील तेव्हा डावा-उजवा दोनच ठेवा.

आता ते खणातलं श्रवणयंत्र. स्पीकरनं कान बरा होत नाही, आणि कोणी यंत्राऐवजी स्पीकर घ्यायला निघालं असेल तर आमचं ऐकून आधी डॉक्टरांकडे जा. नानांच्या यंत्रात फेरजुळणी करून घेतली, भांड्यांचा त्रास कमी झाला. अजून ते रोज घालत नाहीत, रविवारी घालतात. परवा वीसपैकी अठरा झाले. 'फाटक' आणि 'साठ' अजून निसटतात.

गेल्या महिन्यात एका चित्रपटाच्या मध्यावर नाना म्हणाले, "आवाज जरा कमी करा रे." आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. नात म्हणाली, "आजोबा, कमी केला तर तुम्हाला ऐकू येईल का?" नाना म्हणाले, "येतंय, म्हणूनच सांगतोय. हा नट 'ळ' चा 'ल' करतो."

ज्यांच्या घरी असा प्रश्न असेल त्यांनी आजी-आजोबांना घेऊन कोणत्याही रविवारी आठनंतर आमच्याकडे यावं. वीस शब्दांचं रेकॉर्डिंग हिच्या फोनवर आहे, मागाल त्याला पाठवते. खरेदीला जाताना ते न्या आणि पहिला शब्द लागेपर्यंत दुकानदाराला स्फोट लावू देऊ नका.