आसरा मिळाला, कामाचे काय?
(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात दिलेले भाषण)



आज आम्ही जरा वेगळा विषय घेऊन उभे आहोत. परदेशातून जीव मुठीत धरून आलेल्या माणसाला आपल्या देशात आसरा मिळतो का, आणि मिळालाच तर त्याला पोटापाण्याचे काम करता येते का?

आपले सालवडच बघा ना. तारापूर एमआयडीसीमुळे कोणी विदर्भातून आले, कोणी मराठवाड्यातून, कोणी थेट बिहारमधून. भाड्याने खोली घेतली, कंपनीच्या गेटवर उभे राहिले, कामाला लागले. इथे राहायची परवानगी कोणी मागितली? कोणीच नाही. घटनेच्या 19व्या कलमाने देशात कुठेही राहण्याचा, कोणताही धंदा करण्याचा हक्क दिला आहे. पण तो 'नागरिकांना'. समानतेचे 14वे आणि जीविताचे 21वे कलम मात्र 'व्यक्ती' म्हणते. निर्वासित सापडतो तो या दोन शब्दांच्या मधे.

1959 साली दलाई लामा भारतात आले, त्यांच्यामागून हजारो तिबेटी आले. आपल्या महाराष्ट्रातही गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला त्यांची नोर्ग्येलिंग वसाहत 1972 पासून आहे. हे लोक शेती करतात, थंडीत शहरोशहरी स्वेटर विकतात. आपण त्यांना सरसकट 'नेपाळी' म्हणून मोकळे होतो! बुद्धाला शरण गेलेली माणसे ती, शेजारी बसली तरी आपण ओळखत नाही.

भारताने 1951च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारावर सही केलेली नाही. आश्रयाचा वेगळा कायदाही केलेला नाही. म्हणजे हक्काने अर्ज करावा अशी सोयच नाही, सरकार देईल तो आसरा. तिबेटींना नोंदणी प्रमाणपत्र मिळते, मुदत संपली की पुन्हा कचेरीत खेटे. 2014 साली केंद्राने त्यांच्यासाठी पुनर्वसन धोरण आणले. नर्स, शिक्षक, इंजिनिअर अशी कामे करू द्यावीत, धंद्याचे परवाने द्यावेत, असे त्यात आहे. चांगलेच आहे. पण धोरण म्हणजे कायदा नव्हे, आणि ते राबवायचे राज्यांनी.

दुसरे चकमा. हेही बहुतेक बौद्धच. पूर्व पाकिस्तानात कप्ताई धरणाखाली जमिनी गेल्या, 1964च्या सुमारास ते भारतात आले. अरुणाचलात त्यांना हुसकावण्याच्या धमक्या सुरू झाल्या, तेव्हा 1996 साली सुप्रीम कोर्टाने बजावले की त्यांच्या जिवाचे रक्षण राज्याने केलेच पाहिजे. आधार 21वे कलम.

आता आमचे म्हणणे ऐका. 1985 साली मुंबईच्या फुटपाथवासीयांच्या खटल्यात याच कोर्टाने सांगितले होते की जगण्याच्या हक्कात रोजीरोटीचा हक्क येतो. मग 'व्यक्ती' म्हणून ज्याचा जीव राखायचा, त्याच्या हाताला काम नको? सरकारी नोकरीचे सोडा, ती नागरिकाची. पण कारखान्यातले, दुकानातले काम तरी धोरणाच्या मर्जीवर का असावे?

आणि कागदाची गंमत बघा. भारतात 26 जानेवारी 1950 पासून 1 जुलै 1987च्या आधी जन्मलेला जन्मानेच नागरिक. त्यानंतर जन्मलेल्याचे आई किंवा बाप नागरिक असावे लागतात. समजा, गोठणगावच्या एखाद्या निर्वासित घरात थोरला 1986चा आणि धाकटी 1988ची. एकाच आईची लेकरे, एकाच शाळेत शिकलेली. थोरल्याने उद्या बोईसरला येऊन कंपनीत अर्ज टाकला, तर त्याला कोणी काही विचारणार नाही. धाकटीने टाकला, तर पर्सोनेलवाले आधी तिच्या नोंदणी प्रमाणपत्राची तारीख बघतील.