आश्रयाला आलेले मांजर



आपल्या नागपुरात कळमन्याच्या बाजारात धान्य, मिरची आणि संत्री यांची मोठी उलाढाल चालते. धान्य आले की उंदीर येतो, आणि उंदरामागून मांजर येते. हा शेजार फार जुना आहे. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका थडग्यात माणसाशेजारी पुरलेले मांजर सापडल्याचे फ्रेंच संशोधकांनी २००४ साली प्रसिद्ध केले. गाय आणि घोडा माणसाने धरून आणले. मांजर धान्याच्या कोठाराकडे आपल्या पायांनी चालत आले, असे अभ्यासक मानतात.

अशा स्वतंत्र वृत्तीचे जनावर जखमी, आंधळे किंवा पोरके होऊन आश्रयाला येते, तेव्हा त्याचे संगोपन कसे व्हावे, हा आमचा आजचा विषय आहे. मुक्या जनावरांना आसरा देण्याची आपली परंपरा थोर आहे. मुंबईचे पांजरपोळ १८३४ साली निघाले; परळचे बाई साकरबाई रुग्णालय त्यानंतर. परंतु पांजरपोळ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे गाय उभी राहते. तिला चारापाणी घातले की पुण्य पदरी पडते, आणि देणाऱ्याच्या व्रताला कोठे बाध येत नाही. मांजराच्या बाबतीत मात्र दयेची खरी परीक्षा होते.

पहिला प्रश्न अन्नाचा. मांजराला दूध-पोळी आवडते अशी आपली समजूत आहे. ते ती खाते, कारण भूक लागलेली असते. पण वाढ झालेल्या बहुतेक मांजरांना दूध पचत नाही; आणि टॉरिन नावाचे जे द्रव्य त्यांच्या देहाला नित्य लागते, ते पोळी-भातात मुळीच नसते. ते मांसात व मासळीत असते. ते न मिळाल्यास मांजराची दृष्टी जाते, हे १९७५ साली दिसून आले. हृदय दुबळे होते, हे १९८७ साली सिद्ध झाले. म्हणजे ज्याला आपण प्रेमाने पोळी कुस्करून घालतो, ते भरल्या पोटी हळूहळू आंधळे होऊ शकते.

येथे कोणी विचारील, अहिंसेच्या घरात मांस शिजवावे काय? प्रश्न रास्त आहे आणि तो थट्टेवारी नेणे आम्हांस योग्य वाटत नाही. ज्याच्या व्रतात हे बसत नसेल, त्याने गाय पाळावी, उन्हाळ्यात पाखरांना पाणी ठेवावे. ती दया काही उणी नाही. परंतु मांजर ठेवून घ्यायचे आणि आपले व्रत त्याच्याकडून पाळून घ्यायचे, हा न्याय नव्हे. व्रत घेणाऱ्याने घ्यायचे असते. दुसऱ्यावर लादायचे नसते.

आता दिनक्रम पाहू. आश्रयस्थानात सकाळचे पहिले काम वाळूची पेटी साफ करण्याचे. हे काम हलके समजू नये; वैद्याने नाडी पाहावी तसे ते आहे. जुलाब, रक्त, लघवी कमी होणे, सारे तेथेच कळते. बोका वारंवार बसून कण्हतो आणि लघवी होत नाही, असे दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेले पाहिजे. एक-दोन दिवसांत तो दगावू शकतो. फरशी मात्र फिनेलने पुसू नये. मांजर पंजे चाटते, आणि ते विष त्याच्या यकृताला पचवता येत नाही. ताप आला म्हणून माणसाची पॅरासिटामॉलची गोळी दिली तर एकच गोळी प्राण घेऊ शकते. मांस उकडून द्यावे. त्यात मीठ, कांदा व हाडे नसावीत.

दुपारी मांजर झोपते. दिवसाचे बारा ते सोळा तास झोपणे हा त्याचा आळस नव्हे, शिकाऱ्याची प्रकृती आहे. नागपूरच्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो; अशा वेळी ओल्या गोणपाटाची सावली आणि जागोजाग मातीच्या भांड्यांत पाणी हवे. सायंकाळी दोरी, चेंडू घेऊन थोडे खेळवावे. जेवण टाकलेले मांजर ‘खाईल उद्या’ म्हणून सोडू नये. दोन-तीन दिवसांच्या उपवासानेही यकृत बिघडू शकते. नवे मांजर दोन आठवडे वेगळे ठेवावे, लस टोचावी, आणि वयात येण्यापूर्वी नसबंदी करावी. पाच-सहा महिन्यांची मांजरी गाभण राहू शकते आणि सुमारे नऊ आठवड्यांत विते. नसबंदीवाचून चालवलेले आश्रयस्थान वर्षभरात भरून जाते, आणि मग कोणाचीच काळजी नीट घेता येत नाही.

पिले गोणीत घालून बाजारात सोडून देण्याची चाल अजून आहे. उपासमारीच्या तोंडी जनावर असे टाकून देणे हा १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. शहरात पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ पासून आहे. नसबंदीचा सल्ला घेणे पिले टाकण्याहून खचित सोपे आहे.

आपल्या भक्तिशास्त्रात दोन न्याय सांगितले आहेत. वानराचे पिलू आईला स्वतः घट्ट धरून राहते. मांजरीचे पिलू काहीच करीत नाही, आईच त्याला तोंडात धरून नेते. आश्रयाला आलेले मांजर या दुसऱ्या पिलासारखे असते. त्याला न दुखवता उचलायचे तर दात कोठे व किती लावायचे हे मांजरीला ठाऊक असते. तेवढे ज्ञान आपणही मिळवावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.